बंद पडलेली दगडखाण आणि उजेडाचा व्यापार

दगडाच्या खाणीवर ज्याची रोजी अवलंबून आहे अशा माणसाला विचारा की, मालाचा उठाव थांबला तर मागे काय राहील? तो सांगेल, खड्डा राहील. यंत्र विकता येते, ट्रक विकता येतो, उरलेली खडीही कोणीतरी उचलून नेतो. खड्ड्याला गिऱ्हाईक नाही. आज वाचक बंधूंसमोर अशाच एका खड्ड्याची हकीकत ठेवायची आहे. तो बंद पडला १९३५ साली आणि २०१९ या एका वर्षात सात लाखांहून अधिक लोक तिकीट काढून त्यात उतरले. ही हकीकत परदेशची आहे. परंतु तिच्यात व्यापाराचे जे दोन-तीन धडे आहेत ते भिवंडी-मालेगावच्या माणसालाही उपयोगी पडावेत, म्हणून ती जरा तपशिलाने सांगतो.

फ्रान्सच्या दक्षिण भागात प्रोव्हान्स नावाचा प्रांत आहे. मार्सेल हे त्याचे मोठे बंदर. तेथून आत, आल्पिय नावाच्या चुनखडीच्या डोंगरात, ले बो हे काही शे वस्तीचे गाव आहे. १८२१ साली पिएर बर्तिए या शास्त्रज्ञाला या गावाजवळ तांबडा दगड सापडला आणि गावाच्या नावावरून त्याला बॉक्साइट हे नाव पडले. ॲल्युमिनियम ज्यापासून काढतात तोच हा दगड. आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीकडे जे बॉक्साइट निघते त्याच्या नावात हे फ्रेंच गाव बसलेले आहे.

आपली गोष्ट मात्र तांबड्या दगडाची नाही, पांढऱ्या दगडाची आहे. गावाला लागून एक दरी आहे. तिचे नाव ऐकून आपण दचकाल, कारण त्याचा अर्थ जहन्नमची दरी असा होतो. वाऱ्यापावसाने झिजलेल्या विचित्र खडकांमुळे लोकांनी हे नाव ठेवले. या दरीत इमारतीला लागणारी पांढरी, मऊ चुनखडी मिळत असे आणि एकोणिसाव्या शतकात तिला चांगली मागणी होती. तेथील पाथरवटांनी डोंगर वरून फोडला नाही. ते आडवे आत शिरले आणि मोठमोठे चौकोनी ठोकळे कापून काढत गेले. छत कोसळू नये म्हणून मध्येमध्ये दगडाचे प्रचंड खांब जागच्या जागी सोडले. ज्यांनी घारापुरीची लेणी पाहिली आहेत त्यांना कल्पना येईल. फरक एवढाच की, लेणी कोरणाऱ्यांना आतली जागा हवी होती आणि या लोकांना बाहेर काढलेला माल हवा होता. आत जे दालन तयार झाले ते त्यांच्या लेखी निव्वळ घट होती.

पहिल्या महायुद्धानंतर लोखंड व सिमेंट-काँक्रीट यांचा जमाना आला आणि ठोकळ्याच्या दगडाची मागणी घसरत गेली. १९३५ मध्ये ही खाण बंद झाली. पुढची चाळीस वर्षे तिचे कोणी काही केले नाही. १९५९ साली जाँ कॉक्तो या नामांकित फ्रेंच लेखक-दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटाचा काही भाग तेथे चित्रित केला, एवढीच काय ती नोंद.

१९७० च्या दशकाच्या मध्यास आल्बेर प्लेसी नावाचा गृहस्थ तेथे आला. हा पत्रकार होता आणि छायाचित्रांच्या क्षेत्रात त्याचे नाव होते. त्याच्या मनात एक वेडी कल्पना फार दिवस घोळत होती. आपण चित्र पाहतो ते समोर, एका चौकटीत. माणूस चित्राच्या बाहेर उभा असतो. तर असे करता येईल काय की, माणूस चित्राच्या आत उभा राहील, चारी बाजूंना, डोक्यावर, पायाखाली चित्रच चित्र? त्यासाठी त्याला भिंती हव्या होत्या आणि तशा भिंती या बंद खाणीत उभ्या होत्या. त्याने स्लाइड दाखवणारी डझनावारी यंत्रे लावून त्या पांढऱ्या दगडावर छायाचित्रे पाडली आणि सोबत संगीत ठेवले. कारखान्याला नाव दिले ‘चित्रांचे कॅथेड्रल’, म्हणजे चित्रांचे मोठे प्रार्थनामंदिर. १९७७ मध्ये प्लेसी वारला. त्याच्या पत्नीने व घरच्यांनी हे काम पुढे चालवले.

येथे थोडे थांबून विचार करू. खेळ दाखवायला शहरात सभागृहे थोडी होती काय? मग या माणसाला आडबाजूच्या खाणीत जाण्याची गरज का पडली? याचे उत्तर कापडवाल्याला लवकर समजेल. छपाई चांगली हवी तर पहिल्याने कोरे कापड चांगले हवे. ठसा कितीही नाजूक असो, रंग कितीही पक्का असो, कापड पिवळट किंवा गाठाळ असेल तर छपाई उठत नाही. उजेडाच्या चित्राचे तंतोतंत असेच आहे. यंत्रातून निघालेला उजेड ज्या पृष्ठावर पडतो ते पांढरे असेल तर उजेड परत डोळ्यांकडे येतो. काळे असेल तर भिंतच तो पिऊन टाकते. ले बोच्या खाणीची भिंत पांढरी आहे आणि ठोकळे कापून काढल्यामुळे बऱ्याच अंशी सपाट आहे. तरीही ती पडद्यासारखी गुळगुळीत नाही. करवतीचे वण, दगडाचे कण तिच्यावर दिसतात आणि त्यामुळे चित्राला एक पोत येतो. खादीवरची छपाई मलमलीपेक्षा निराळी दिसते, तसे.

दुसरा गुण अंधाराचा. उजेडाच्या धंद्यात अंधार हे भांडवल आहे. बाहेरचा प्रकाश आत शिरू लागला की यंत्र अधिक ताकदीचे घ्यावे लागते आणि यंत्राची ताकद म्हणजे पैसा. डोंगराच्या पोटातल्या खाणीत भर दुपारीही अंधार असतो. तिसरा गुण हवेचा. आतले तापमान बारा महिने सोळा अंशांच्या आसपास राहते. उन्हाळ्यात प्रोव्हान्समध्ये ऊन कडक असते, तेव्हा येणाऱ्याला सोबत गरम कपडा आणा असे सांगावे लागते. एवढ्या विस्ताराची जागा यंत्राने थंड ठेवायची तर विजेचे बिल किती येईल याचा हिशेब वाचकांनीच करावा. चौथा गुण उंचीचा. भिंती चौदा-पंधरा मीटरपर्यंत चढतात, म्हणजे चार-पाच मजली घराएवढ्या. अशी उंची, मध्ये मजला नसलेली, बांधायला गेलात तर खाणीच्या मालकाचे दिवाळे निघेल. येथे ती पाथरवटांनी शंभर वर्षांत करून ठेवली, आणि तीही दगड विकून पैसे मिळवता मिळवता.

म्हणजे ज्याला घट समजत होते तोच खरा माल निघाला. आमच्या धंद्यातही कधी कधी असे होते. चिंधी म्हणून वजनावर जाणारा माल कोणी डोकेबाज माणूस गोधडीवाल्याला दुप्पट भावाने देतो. पण चिंधी उचलून नेता येते. खाण उचलून नेता येत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी हकीकत तिच्यावरच फिरते.

प्लेसीच्या घरच्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ हे काम चालवले. जगात कोणी असे केले नव्हते तेव्हा त्यांनी केले. लोक दूरदूरहून येऊ लागले, जागेचा लौकिक झाला. परंतु खाण त्यांच्या मालकीची नव्हती. ती गावाच्या पंचायतीची होती आणि ते भाडेपट्ट्यावर होते. २००८ च्या सुमारास पंचायतीने पट्टा पुढे चालू न ठेवण्याचे ठरवले आणि ही जागा सार्वजनिक सेवा म्हणून निविदेने चालवायला देण्याचा मार्ग धरला. २०११ मध्ये ते काम कुल्तुरएस्पास या कंपनीकडे गेले. ही १९९० साली ब्रुनो मॉनिए यांनी स्थापन केलेली कंपनी असून जुने वाडे, संग्रहालये अशा जागा मालकाच्या वतीने चालवणे हा तिचा धंदा आहे. २०१२ मध्ये खाण ‘उजेडाच्या खाणी’ या नव्या नावाने उघडली. जुन्या चालकांनी कोर्टाचा दरवाजा ठोठावला आणि वाद वर्षानुवर्षे चालला.

त्या वादाच्या कायदेशीर खोलात मी शिरत नाही. पंचायतीचीही बाजू आहे. जागा गावाची, तिचे जास्तीत जास्त उत्पन्न गावाला मिळावे हे पाहणे तिचे काम. पण व्यापारी म्हणून ही हकीकत वाचताना मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवल्याशिवाय राहिली नाही. माझ्या थोरल्या चुलत्यांचे कापडाचे दुकान एका जागी अठ्ठावीस वर्षे होते. जागा घेतली तेव्हा त्या गल्लीत दिवसा कुत्री झोपत. चुलत्यांच्या मागोमाग आणखी दुकाने आली आणि गल्लीचा बाजार झाला. जुन्या मालकाशी सारा व्यवहार तोंडी होता, सलाम-दुआचा होता. मालक अल्लाहला प्यारे झाले आणि वारसांनी वर्षभरात जागा मागून घेतली. चुलत्यांकडे भाड्याच्या काही पावत्या होत्या, दुसरे काही नव्हते. गिऱ्हाईक चुलत्यांच्या नावाने येत असे हे खरे, पण ते येत असे त्या जागेवर. नव्या जागी निम्मेसुद्धा आले नाही.

सूरह बकरहची २८२ वी आयत ही कुरआनमधील सर्वांत लांब आयत. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण मदरशात शिकतो आणि दुकानात विसरतो. आपल्या राज्यात तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जागेचा करार लेखी करून तो नोंदवणे सक्तीचे केले आहे आणि ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. तरीही आपल्या बाजारात किती करार नोंदवलेले निघतील, हे ज्याचे त्याने पाहावे. नुसता नोंदवलेला कागदही पुरेसा नाही. मुदत संपल्यावर काय, बसवलेले सामान कोणाचे, दिलेले नाव कोणाचे, हे त्यात असले पाहिजे. ले बोमध्ये भांडण उभे राहिले ते या शेवटच्या टप्प्यावरच.

आता नव्या चालकाने काय केले ते पाहू. स्लाइडची यंत्रे जाऊन व्हिडिओ प्रोजेक्टर आले. आज अशी सुमारे शंभर यंत्रे त्या खाणीत आहेत आणि भिंती, खांब, छत व जमीन धरून सात हजार चौरस मीटर जागेवर ती चित्र पाडतात. एका यंत्राचे चित्र जेथे संपते तेथे दुसऱ्याचे सुरू होते. दोन्हींच्या कडा थोड्या एकमेकांवर चढवतात आणि त्या पट्ट्यात दोघांचाही उजेड हळूहळू कमी करत नेतात, म्हणजे जोड दिसत नाही. लांब पन्ह्याच्या छपाईत ठशाला ठसा जुळवणारा कारीगर हेच करतो. त्याच्या हाताची नजर चुकली की तागाभर रेघ उमटते. येथे हा जोड संगणक जुळवतो, पण त्याआधी प्रत्येक भिंतीचे, खांबाचे माप घेऊन नकाशा करावा लागतो. शंभर यंत्रे एका ठोक्यावर चालली पाहिजेत. एक अर्धा सेकंद मागे राहिले तरी घोडा एका भिंतीवर धावतो आणि त्याचे शेपूट दुसरीवर राहते.

दाखवतात काय? जुन्या चित्रकारांची चित्रे. २०१२ च्या पहिल्या खेळात गोगँ आणि व्हॅन गॉग होते. पुढे क्लिम्ट, मायकेल अँजेलो, शगाल, पिकासो असे दर वर्षी नवे. जानफ्रांको इयान्नुत्सी हे कलाकार आपल्या साथीदारांसह यातील बरेच खेळ रचत आले. खेळ साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो आणि पुन्हा पुन्हा चालू राहतो. खुर्च्यांच्या रांगा नाहीत. लोक फिरत पाहतात, त्यामुळे नाटकासारखी सर्वांना एका वेळी आत घेण्याची अडचण नाही. बोलणे जवळजवळ नाही, चित्र आणि संगीत आहे. म्हणून जपानी येवो, अरब येवो, दुभाषी लागत नाही. तिकीट पंधरा युरोंच्या आसपास.

व्हॅन गॉगच्या बाबतीत एक योग असा आहे की, हा चित्रकार १८८९-९० मध्ये ले बोपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या सँ-रेमी गावच्या वेड्यांच्या इस्पितळात वर्षभर होता. ‘ताऱ्यांची रात्र’ हे त्याचे जगप्रसिद्ध चित्र त्याने तेथेच जून १८८९ मध्ये काढले. इस्पितळाजवळ दगडाची खाण होती आणि तिच्या तोंडाचीही चित्रे त्याने काढलेली आहेत. त्याच डोंगराच्या खाणीत आज त्याचीच चित्रे भिंतीएवढी होऊन चालतात. हयातीत त्या बिचाऱ्याची चित्रे जवळजवळ कोणी घेत नव्हते.

आता येतो हिशेबाचा मुद्दा. एक खेळ तयार करायला मोठा खर्च येतो. पण तो तयार झाला की ती एक संगणकाची फाइल असते. तीच फाइल दुसऱ्या गावच्या भिंतींच्या मापाने बेतून पुन्हा दाखवता येते. म्हणून या कंपनीने पॅरिसमध्ये १८३५ सालच्या एका जुन्या लोखंड-ओतकामाच्या कारखान्यात एप्रिल २०१८ मध्ये असेच केंद्र उघडले. पहिल्या वर्षात तेथे दहा लाखांवर लोक आले. त्याच वर्षी कोरियातील जेजू बेटावर दळणवळणाच्या जुन्या बंकरमध्ये, आणि जून २०२० मध्ये बोर्दो शहरात, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बांधलेल्या पाणबुडी-तळात अशी केंद्रे निघाली. बोर्दोमध्ये तर खाली पाणी आहे, त्यात चित्राचे प्रतिबिंब पडते. एक ठसा कोरायला महिना लागतो, पण तो शंभर ताग्यांवर चालतो. नफा शंभराव्या ताग्यात असतो.

पण जागा कशा निवडल्या ते पाहा. खाण, ओतकाम कारखाना, बंकर, पाणबुडी-तळ. सगळ्या जागा जुन्या, जाड भिंतींच्या, उंच, अंधाऱ्या आणि एकासारखी दुसरी नाही अशा.

याच्या उलट काय घडले तेही सांगतो. खाणीचे यश पाहून जगभर अनेक कंपन्या या खेळात उतरल्या. व्हॅन गॉगच्या चित्रांवर कोणाचा हक्क उरलेला नाही. त्यामुळे एकाच वेळी अनेकांनी व्हॅन गॉगच उचलला. भाड्याचे सभागृह, कापडी पडदे, तोच माल. आपल्या मुंबईतही जानेवारी २०२३ मध्ये कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये असा एक खेळ लागला होता. अमेरिकेच्या कित्येक शहरांत तर एकाच मोसमात दोन-दोन कंपन्यांचे व्हॅन गॉग समोरासमोर उभे राहिले. पहिल्यांदा रांगा लागल्या, मग लोकांना कंटाळा आला. यांपैकी एक मोठी कंपनी, कॅनडाच्या टोरोंटोची लाइटहाऊस इमर्सिव्ह, हिने जुलै २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात अर्ज केला. चित्र कोणालाही मिळते. यंत्र कोणीही विकत घेतो. ले बोची भिंत मात्र ले बोलाच आहे. एखाद्या रंगाची साडी चालली की पंधरा दिवसांत सारा बाजार त्याच रंगाने भरतो आणि शेवटी माल घेणाऱ्यापेक्षा विकणारे जास्त होतात, हे आम्ही दर हंगामात पाहतो. तेथे टिकतो तो ज्याच्याकडे दुसऱ्याला न जमणारी एक गोष्ट आहे.

चित्रावरचा हक्क हा विषय निघालाच आहे तर आपल्या कामाचे थोडे बोलू. फ्रान्समध्ये चित्रकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे हक्क राहतो, आपल्याकडे साठ. व्हॅन गॉग १८९० मध्ये वारला, क्लिम्ट १९१८ मध्ये, म्हणून ते मोकळे. पिकासो १९७३ मध्ये आणि शगाल १९८५ मध्ये वारले, म्हणून त्यांची चित्रे दाखवायची तर वारसांची परवानगी व मोबदला लागतो. कापडाच्या नक्षीचा कायदा याहून निराळा आहे आणि आपले कारीगर तेथे फसतात. नवी नक्षी काढली तर ती बाजारात आणण्यापूर्वी डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवावी. नोंदवली तर दहा वर्षे, आणि मुदत वाढवून आणखी पाच वर्षे हक्क मिळतो. नोंदण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि यंत्राने तिचे पन्नासांहून अधिक नग निघाले, तर तिच्यावरचा तुमचा कॉपीराइटही संपतो. आपला एक लहानसा लॉटसुद्धा पन्नासांचा नसतो. म्हणजे पहिल्या लॉटबरोबर हक्क गेला, आणि शेजाऱ्याने नक्कल केली म्हणून भांडायलाही जागा उरली नाही.

ले बोच्या खाणीच्या आसपास कारीगरांना काय मिळाले? प्रोव्हान्समध्ये मातीच्या लहान बाहुल्या करण्याची जुनी कला आहे, ती दुकाने गावात आहेत. पण मला विशेष वाटले ते कापडाचे. त्या प्रांतात फुलापानांच्या छपाईचे सुती कापड, मेजपोस, रुमाल प्रवाशांना विकतात आणि त्या छपाईला आजही ‘इंदियेन’ म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानी. सतराव्या शतकात आपल्याकडची छीट मार्सेल बंदरात उतरू लागली. तेथील लोकांना तिचे इतके वेड लागले की रेशीम-लोकरवाल्यांचा धंदा बुडू लागला. म्हणून फ्रान्सच्या बादशहाने १६८६ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत चालली. बंदी उठल्यावर फ्रेंचांची स्वतःची छपाई जोमाने वाढली आणि आपल्या छीटकारांचे हुन्नर त्यांच्या प्रांताची ओळख होऊन बसले. परदेशी माणूस ते प्रोव्हान्सची आठवण म्हणून घेऊन जातो. नाव आपले, दाम त्यांचे. याचा राग यावा की अभिमान वाटावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आता वाचक म्हणतील, मग आपल्याकडच्या बंद खाणींचे काय? नवी मुंबईच्या पारसिक डोंगरापासून पुण्याच्या आसपासपर्यंत बंद खाणी पुष्कळ आहेत. परंतु नक्कल करण्यापूर्वी दगड पाहावा. आपला दगड काळा, बेसाल्ट. तो उजेड पितो. आपली खाण सुरुंगाने वरून फोडलेली, आभाळाला उघडी, भिंती खडबडीत आणि सुटलेल्या दगडांच्या. पावसाळ्यात ती पाण्याने भरते आणि दर वर्षी पोहायला उतरलेली मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. अशा ठिकाणी ले बो करायला निघणे म्हणजे चिकणावर ब्लॉक प्रिंट करण्यासारखे आहे. स्वीडनमध्ये डालहाल्ला नावाची चुनखडीची उघडी खाण आहे, साठ मीटर खोल. तेथे त्यांनी उजेडाच्या नादी न लागता आवाज धरला. खाणीच्या भिंती आवाज छान परत देतात, म्हणून १९९५ पासून तेथे उन्हाळ्यात गायनाचे मोठे जलसे होतात. आपल्या खाणीची जी खरी खूबी असेल ती आधी शोधावी, आणि त्याआधी तिला कुंपण घालावे.

आपल्या लोकांच्या हाती खाण नाही, पण शेड आहेत. जिनिंगचे, जुन्या गिरण्यांचे, बंद लूमचे. यातले लूमचे शेड बहुतेक उपयोगाचे नाहीत, हेही स्पष्ट सांगतो. पत्र्याचे छप्पर, कमी उंची, आणि एप्रिलमध्ये आत तवा तापलेला. जुन्या दगडी गोदामांचे मात्र तसे नाही. आणि माणसे तर आपल्याकडे आहेतच. मंडपवाले, लायटिंगवाले, साउंडवाले यांत आपले किती तरुण आहेत! लग्नाच्या हंगामात ते प्रोजेक्टर व एलईडीची भिंत लावतात आणि बाकीचे सहा महिने सामान गोदामात धूळ खाते.

काही बांधवांना सजीवांची चित्रे आणि वाद्ये यांबद्दल आक्षेप असतो, आणि तो त्यांचा विचार आदराने घ्यावा. पण हे काम चित्रांशिवाय होत नाही असे मुळीच नाही. ले बोमध्ये २०२० साली गाउदी या स्पेनच्या स्थापत्यकाराचा खेळ लागला, त्याचा विषय इमारती हाच होता. विजापूरच्या इब्राहिम रोजाच्या भिंतीवरचे दगडात कोरलेले खत, औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याची जाळी, पैठणीच्या पदराची वेल, हिमरूची बुट्टी. यातले एकही कोणाच्या मक्त्याचे नाही. हिमरूची एक बुट्टी दहा मीटर उंच भिंतीवर धाग्याधाग्याने विणली जाताना दाखवली तर ती पाहायला शाळेची पोरे येतील, आणि बाहेर पडताना समोर तोच हिमरू विकायला ठेवलेला असेल.

ज्याला हे करून पाहायचे असेल त्याने आधी यंत्रांचे दर काढू नयेत. एक जागा पाहावी. भर दुपारी आत जाऊन दार लावून घ्यावे आणि किती उजेड आत येतो ते बघावे. भिंतीवर हात फिरवावा, छताखाली उभे राहून सुटलेला दगड किंवा तुळई कोठे आहे ते एखाद्या जुन्या गवंड्याला दाखवावे. बाहेर पडायला दुसरे दार आहे काय ते पाहावे, कारण अंधारात दोनशे माणसे असतात. मग मालकाकडे जावे, आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचे आहे ते वाचूनच बोलणी सुरू करावी.